‘दुर्बीण घालू नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आमच्या मामींनी ठरलेली एंडोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून करायची तपासणी, आदल्या रात्री रद्द केली. हिमोग्लोबिन घसरलेलं, वजन उतरलेलं, जेवण जात नाही, आणि कारण काय तर ग्रुपवर आलेला मेसेज. सार असं: ‘पोटाचा कॅन्सर विषाणूच्या मायक्रोआरएनएमुळे होतो. हा विषाणू ९५ टक्के लोकांत आहे. कोरोनाच्या लशीतून तो वाढला. उष्ट्यातून पसरतो, ताटं वेगळी करा. दुर्बिणीने तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. रक्त तपासा, गुळवेलीचा काढा घ्या.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. मेसेजमधला विषाणू म्हणजे एप्स्टाइन-बार, तो १९६४ साली सापडला. तो स्वतःचे मायक्रोआरएनए बनवतो, हे २००४ साली कळलं. हे आरएनएचे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, उलट ते दुसरी प्रथिनं बनवायचे निरोप, म्हणजे एमआरएनए, दाबतात. पेशी बिघडली की तिने स्वतःला संपवावं म्हणून प्यूमा नावाचं प्रथिन कामाला लागतं. विषाणूचा बार्ट-५ हा तुकडा नेमका त्याचाच निरोप दाबतो, आणि मरायला हवी ती पेशी जगते.

पण म्हणून पोटाचा प्रत्येक कॅन्सर यामुळेच? २०१४ साली ‘नेचर’मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने जठराच्या २९५ गाठींचा अभ्यास मांडला. त्यांतल्या सुमारे ९ टक्के गाठी या विषाणूच्या होत्या. उरलेल्या ९१ टक्क्यांचं काय, ते मेसेज लिहिणाऱ्याला विचारा. त्या ९ टक्क्यांतही मायक्रोआरएनए एकटे नसतात. बहुतेक गाठींत पीआयके३सीए या जनुकात बिघाड असतो आणि डीएनएवर मिथाइल नावाच्या रासायनिक गटांचे थर चढून अनेक जनुकं बंद पडलेली असतात. विषाणू बहुतेकांच्या अंगात आहे, हे खरं. लहानपणीच शिरतो आणि बहुतेकांना जन्मभर काही करत नाही.

लशीचं तर बोलूच नये. मामींनी घेतली ती कोविशिल्ड. तिच्यात एमआरएनए नव्हताच. आणि एमआरएनए वेगळा, मायक्रोआरएनए वेगळा.

उष्टं: विषाणू लाळेतून पसरतो, बरोबर. कॅन्सर पसरत नाही. मामींनी नातवाचा घासही बंद केलाय, म्हणून एवढं लिहिलं. काढा हवा तर घ्या, त्याने गाठ विरघळत नाही.

आता मुख्य मूर्खपणा. गाठीत हा विषाणू आहे की नाही हे कशाने कळतं? दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यानेच! पॅथॉलॉजीत त्या तुकड्यावर ‘ईबर’ नावाची तपासणी करतात. ईबर म्हणजे याच विषाणूचे दुसऱ्या प्रकारचे छोटे आरएनए. रक्तातल्या अँटिबॉडीवरून एवढंच कळतं की विषाणू कधीतरी अंगात आला होता, म्हणजे जे जवळपास सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे तेच. त्यावर पैसे घालवून हाती काय येणार? मेसेज ज्या विषाणूची भीती घालतो, तो शोधायचा एकमेव भरवशाचा रस्ता तोच बंद करायला सांगतो. आणि तुकडा म्हणजे किती? तांदळाच्या कणीएवढा. चिमट्याने असे काही कण घेतात. त्याने कॅन्सर अंगभर पसरतो ही निव्वळ थाप. उलट गाठ या विषाणूची निघाली तर डॉक्टरांना ते हवंच असतं, कारण अशा गाठींवर इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्तीच गाठीविरुद्ध वापरणाऱ्या उपचाराचा) उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

मामींसारखी लक्षणं असतील, किंवा शौच डांबरासारखं काळं होत असेल, तर दुर्बीण टाळणं म्हणजे निदानच पुढे ढकलणं. लवकर सापडलेला आणि पसरल्यावर सापडलेला कॅन्सर, दोघांच्या उपचारात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

त्याच तुकड्यांत आणखी एक गोष्ट सापडते: हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठराच्या कॅन्सरमागे या जंतूचा हात त्या विषाणूपेक्षा कितीतरी मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ सालीच त्याला कॅन्सरकारक ठरवलं, आणि तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. विषाणूवर औषध नाही, पण हा जंतू साधारण दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने जातो. आणि त्या लांबलचक मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही.