तार जाड केली की झालं?

परत फ्यूज उडाला! आठवड्यात तिसऱ्यांदा. आणि परत तोच सल्ला: "अहो, तार दुपदरी घाला, उडायचा नाही." नाही उडणार, भिंतीतली वायर जळेल! फ्यूजची तार वितळते ती घर वाचावं म्हणून, एवढं साधं कुणाच्याच डोक्यात का शिरत नाही? वायरमन येतो, पाच मिनिटांत तार ओवतो, पैसे घेतो, चालता होतो. का उडतो, ते कोण बघणार?

शेवटी मेन स्विच बंद करून मीच किटकॅट (फ्यूजची तार ओवतात तो चिनीमातीचा ठोकळा) उपसलं. चिनीमातीवर काळा डाग, कडेला तांब्याचे बारीक मणी. सगळे प्लग काढले, नवी तार घातली आणि एकेक वस्तू लावत गेले. पंखे ठीक, मिक्सर ठीक. २००० वॅटचा गिझर लावला, तोही कसाबसा टिकला. वर इस्त्री लावली आणि फट्!

२३० व्होल्टला गिझर एकटाच जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, आणि त्याची लाइन ५ अँपिअरच्या फ्यूजवर! कुणी जोडली? गिझरला स्वतंत्र लाइन लागते हे वायरिंग करणाऱ्याला ठाऊक नसावं? घरात लेकरं झोपतात हो!