पन्नास गुणांचा उपहास

विनोद सुचायचा तेव्हाच सुचतो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. न्यू जर्सीतल्या हायस्कूलमध्ये मात्र तो शुक्रवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांच्या आत गूगल क्लासरूमवर जमा करावा लागतो. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला इंग्रजीच्या तासासाठी एक उपहासात्मक लेख लिहायचा होता आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो वर्गापुढे वाचून दाखवायचा होता. सोबत आलेल्या रुब्रिकमध्ये, म्हणजे गुणवाटपाच्या तक्त्यात, अतिशयोक्तीला १० गुण, विसंगतीला १०, उलटापालटीला १०, विडंबनाला १० आणि उरलेले १० सादरीकरणाला, अशी चोख वाटणी होती. लेख ऐकून कोणाला हसू येते की नाही, यासाठी एकही गुण राखून ठेवलेला नव्हता. हे मला फार शहाणपणाचे वाटले; एरवी निम्मा वर्ग नापास झाला असता.

विषयाला आधी मंजुरी घ्यायची होती. मुख्याध्यापक, शिक्षक, कोणाचा धर्म, कोणाचे रंगरूप आणि निवडणुकीतले पक्ष एवढे वगळून मुलांनी प्रस्थापितांवर निर्भयपणे कोरडे ओढावेत, अशी शाळेची अपेक्षा होती. पहाटेच्या अंधारात भरणाऱ्या शाळेसाठी मुलांनी रात्री घरी न जाता लॉकरमध्येच झोपावे, हा माझ्या मुलीचा पहिला प्रस्ताव होता. शाळेच्या वेळेचा प्रश्न विचाराधीन असल्याचे कारण देऊन तो नामंजूर झाला. तेव्हा तिने थेट सर्वोच्च न्यायालय काढले. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधून वर्गात बसण्याचा विद्यार्थ्यांचा हक्क टिंकर खटल्यात १९६९ साली मान्य झालेला आहे, असे तिने मला सुनावले. त्यावर मी हेझलवुड खटला पुढे केला. शाळेच्या उपक्रमाचा भाग असलेल्या लेखनाला रास्त शैक्षणिक कारणासाठी शाळा कात्री लावू शकते, असा त्याचा १९८८ सालचा निकाल आहे.

"बाबा, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?"

"पन्नास गुणांच्या," मी म्हणालो.

नमुन्यादाखल वर्गात जोनाथन स्विफ्ट वाचून झाला होता. गरिबांची वर्षभराची गुटगुटीत मुले श्रीमंतांनी विकत घेऊन खावीत, म्हणजे आयर्लंडचे दारिद्र्य हटेल, असा प्रस्ताव मांडणारी त्याची निनावी पुस्तिका १७२९ साली डब्लिनमध्ये निघाली, आणि ती लिहिणारे हे गृहस्थ तिथल्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन होते. कल्पना भीषण आहेच, पण मला थक्क करतो तो त्यातला हिशेब. दर वर्षी गरिबांच्या पोटी जन्मणारी मुले १,२०,०००. त्यांतली २०,००० पैदाशीसाठी राखून ठेवायची आणि १,००,००० विकायची. दर नगाला दहा शिलिंग. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालासारखा हा मजकूर शांतपणे पुढे सरकतो. लहान मुलाचे मांस रुचकर लागते ही माहितीदेखील लेखकाला लंडनमधल्या ओळखीच्या एका जाणकार अमेरिकन माणसाकडून मिळालेली असते. अमेरिकेतल्या वर्गात या वाक्यापाशी कोणी हसले का, असे मी मुलीला विचारले. सगळ्यांनी ते पिवळ्या रंगाने ठळक करून ठेवले, असे तिने सांगितले. त्यावर प्रश्न येण्याचा संभव होता. स्विफ्टने आपल्या पुस्तिकेत 'हा उपहास आहे' असे कुठेही म्हटलेले नाही. माझ्या मुलीला मात्र शेवटच्या स्लाइडवर उपहासाचे लक्ष्य, हेतू आणि वापरलेली साधने स्पष्ट शब्दांत नमूद करणे बंधनकारक होते. या अटीवर त्या डीनसाहेबांचे निदान पाच गुण कापले गेले असते.

अखेर कॉलेजप्रवेशाची धावपळ हा विषय मंजूर झाला. आजीकडून गर्भसंस्काराविषयी ऐकलेले तिच्या डोक्यात होतेच. तिने प्रस्ताव असा मांडला, की नववीपासून प्रवेशाची तयारी करणे म्हणजे निव्वळ दिरंगाई असून ती गर्भावस्थेच्या पाचव्या महिन्यापासून सुरू व्हावी. पाचव्या महिन्यात कॅल्क्युलस ऐकवावे, सहाव्यात वादविवाद. बाळाने लाथ मारल्यास तिची नोंद नेतृत्वगुणांखाली करावी आणि जुळे असल्यास दोघांनाही सांघिक कार्याचे प्रमाणपत्र द्यावे. कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक प्रवेश-अर्जाचा, ६५० शब्दांचा निबंध आठव्या महिन्यात पुरा करावा. त्यात मात करण्याजोगे संकट लवकरच येत असल्यामुळे विषय शोधावा लागणार नाही. सिझेरियन करायचेच असेल, तर त्याची तारीख शक्यतो १ नोव्हेंबरच्या आत घ्यावी, म्हणजे अर्ली डिसिजनची, अर्थात एकाच आवडत्या कॉलेजात लवकर अर्ज करण्याची, मुदत चुकत नाही. आपल्याच मुलीचे कौतुक करू नये, पण हे शेवटचे कलम मला फार आवडले.

शनिवारी आमच्याकडे चार मराठी कुटुंबे जेवायला आली होती, तेव्हा श्रीखंड वाढण्यापूर्वी तिने रंगीत तालीम घेतली. ती अत्यंत गंभीर चेहऱ्याने वाचत होती आणि मंडळी त्याहून गंभीर चेहऱ्याने ऐकत होती. वाचन संपल्यावर क्षणभर शांतता पसरली आणि मग एका काकूंनी विचारले, "सातव्या महिन्यात सुरू केलं तर फार उशीर होतो का गं?" दुसऱ्या एका काकांना दुसऱ्या अपत्याला फीमध्ये सवलत आहे का, ते हवे होते. कॅलिफोर्नियात हे केव्हाच सुरू झाले आहे, असे तिसऱ्यांनी जाहीर केले. सगळ्यांत मूलभूत आक्षेप आयआयटीत शिकलेल्या एका मित्राचा होता: चौथ्या महिन्यात प्रीकॅल्क्युलस झाल्याशिवाय पाचव्यात कॅल्क्युलस सुरू करणे अशास्त्रीय आहे. मुलीने घाईघाईने शेवटची स्लाइड दाखवली. तिच्यावर लाल अक्षरांत 'हा उपहास आहे' असे लिहिले होते. काकांनी चष्मा वर करून त्या स्लाइडचा फोटो काढला.

वर्गातले सादरीकरण निर्विघ्न पार पडले. मुले हसली ती फक्त तिच्या लॅपटॉपची बॅटरी संपली तेव्हा. गुण ४६ मिळाले. विसंगती, उलटापालट, विडंबन आणि सादरीकरण यांना पैकीच्या पैकी. चार गुण गेले ते अतिशयोक्तीत. मांडलेली योजना बरीचशी व्यवहार्य वाटते, असा बाईंचा शेरा होता.

दरम्यान त्या काकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला आहे. त्यांच्या सुनेला चौथा महिना लागला असून नावनोंदणीचा फॉर्म कुठे मिळेल, अशी त्यांनी विचारणा केली आहे. त्यांना काय कळवायचे ते मुलीने माझ्यावर सोपवले. सध्या मी त्यांना प्रतीक्षायादीत टाकले आहे.