आमच्याकडच्या बायांची हौस

विदर्भातल्या खेड्यातली बाई मोबाइलवर काही लिहिते म्हटलं की बाहेरच्या वाचकाचा चेहरा वाचायच्या आधीच सुतकी होतो. कापूस, कर्ज, फास, कोरं कपाळ. यातलं काही निघालं नाही तर बिचाऱ्याची निराशा होते. मागच्या उन्हाळ्यात मी सरगुंड्यांवर, म्हणजे काडीवर वळून वाळवायच्या आमच्याकडच्या पिठाच्या पदार्थावर, लिहिलं होतं. त्यावर एका सद्गृहस्थांनी मोठ्या मायेनं सुचवलं, "ताई, छान लिहिता, पण तुमच्या भागातल्या ज्वलंत प्रश्नांवर लेखणी चालवा." म्हणजे खाण्यापिण्याचं पुण्याच्या बाईनं लिहावं, आम्ही जळत राहावं.

माझा राग एकट्या त्यांच्यावर नाही. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात येणारा कॅमेरा शेतकऱ्यानं आत्महत्या केलेलं एकच घर हुडकत यायला लागला. ते घर खोटं नाही. आमच्या गल्लीतही आहे. पण त्या घरातली वहिनी वायरच्या पिशव्या इतक्या सुरेख विणते की बाजारातली पिशवी तिच्यापुढे उभी राहू नये. नवी नक्षी जमली की ती फोटो टाकते, खाली लिहिते, कुठल्या रंगाची वायर किती लागली, कोपरा वळवताना गाठ कशी लपवली. तिच्याकडे प्रश्न विचारायला आलेल्यांपैकी कुणी त्या पिशवीबद्दल विचारलेलं मी ऐकलं नाही. पिशवी मात्र तिथंच खुंटीला असते.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊजचं माप देता देता बाया फोन पुढे करतात, "पाह्य व, काल हे लिवलं. बरं हाय का?" त्यामुळे गावातलं आणि आजूबाजूच्या चार गावांतलं बायांचं लिखाण माझ्या नजरेखालून जातं. शेतमजुरीला जाणारी आहे, अंगणवाडीत काम करणारी आहे, सातवीत शाळा सुटलेली आहे, एमए झालेली सूनही आहे. आता सगळंच वाचण्यासारखं असतं असं नाही. सकाळचं सुप्रभात, गुलाबाचं फूल, कुणीतरी पाठवलेली 'आई' नावाची रडकी कविता, हे मीही अंगठ्यानं वर सरकवते. गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात हौस म्हणून खपवणाऱ्या तर डोक्यात जातात. पण एकदा का बाई स्वतःच्या हातातल्या गोष्टीवर बोलायला लागली, की तिच्याइतकं नेमकं लिहिणारा मला पेपरातही क्वचित सापडतो.

निंदायला जाणाऱ्या एका बाईचंच घ्या. नाव लिहीत नाही. पावसाळा लागला की ती रानभाज्यांचे फोटो टाकते. तरोटा, केना, कुरडू, घोळ, चिवळ, जे जे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उगवतं ते. तिच्या लिहिण्यात 'आरोग्यदायी', 'बहुगुणी' असले शब्द कधी येत नाहीत. ती लिहिते की तरोटा आणि कासविंदा शेजारी शेजारी उगवतात, पोरी गोंधळतात. तरोट्याचं पान शेंड्याला गोल, आणि एका देठावर पानांच्या तीन जोड्या. कासविंद्याचं पान टोकाला निमुळतं, जोड्याही जास्त. कोवळा तरोटा पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस, मग पान जून होतं, शिजता शिजत नाही. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, म्हणून सकाळी खुडा. आणि सगळ्यात शेवटी, "धुऱ्यावरची भाजी घ्याच्या आधी शेतवाल्याले पुसा, फवारा कधी मारला." २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळचं नाव देशभर झालं होतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नाही. तणनाशक मारलं की कोणत्या धुऱ्यावरून कोणती भाजी गेली, हेही तिच्या पोस्टींत वर्षागणिक पडून आहे. मला सांगा, ज्वलंत प्रश्न आणखी कुठून आणायचा? फक्त तो तरोट्याच्या जुडीत बांधून आला म्हणून दिसत नाही.

सरगुंड्यांचंही तसंच. त्यावर मी जे लिहिलं होतं ते पुन्हा थोडं लिहिते, सद्गृहस्थांनी न वाचताच सल्ला दिला असावा. पीठ घट्ट मळायचं, झाकून ठेवायचं. मग त्याची सुतळीसारखी लांब वळी ओढत बारीक गुळगुळीत काडीवर गुंडाळत जायची, फेऱ्याला फेरा लागून, पण एकमेकांवर न चढवता. हलकेच काडी काढून घ्यायची आणि सरगुंडा खाटेवरच्या धोतरावर वाळत टाकायचा. पीठ सैल झालं तर काडी निघत नाही, फार घट्ट झालं तर वळी तुटते. हे एकटीचं काम नाही. चार बाया बसतात, एक मळते, दोघी वळतात, एक नुसतीच बोलते आणि तिचीच जास्त गरज असते. आमरसासोबत सरगुंडे वाढले की पाहुणे विचारतात, विकत कुठं मिळतात. लग्नाच्या आधीचे ते पंधरा दिवस, त्या अंगणातली बोलणी, कुणाच्या सासूचा हात कसा होता, हे कुठल्या पुस्तकात नाही. आता ते फोनमध्ये येतंय तर त्याला 'रेसिपी' म्हणून बाजूला टाकायचं.

बायकांचं म्हणून बाजूला टाकण्याआधी थोडं रिद्धपूर आठवा. अमरावती जिल्ह्यातलं, महानुभाव पंथाचं. तेराव्या शतकात तिथं त्या पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला आणि महदंबेनं धवळे गायिले, म्हणजे सरळ लग्नातली गाणी. त्या गाण्यांमुळे आज तिला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो, आणि मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपुरातच झालंय. त्या काळी एखादा सद्गृहस्थ असता तर तिलाही म्हणाला असता, बाई, लग्नाची गाणी कसली लिहितेस, यादवांच्या राज्यकारभारावर लिही. बायांची गाणी आजही आहेत. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते, तिच्यापुढे बाया-पोरी गाणी म्हणतात. घरोघरची गाणी वेगळी, एकाच गाण्याचं शेवटचं कडवं दोन गावांत दोन तऱ्हेचं. माझ्या ओळखीची एक काकू आपल्या आईच्या तोंडची गाणी आठवून आठवून टाइप करते, आणि खाली लिहिते, "हे आमच्या दारव्ह्याकडलं, तुमच्याकडे कसं म्हणतात ते सांगा." मग पुसदची लिहिते, वणीची लिहिते, वाशिमची भांडते. प्राध्यापकांनी या कामासाठी प्रकल्प मांडला असता. काकूंनी भाकरी झाल्यावर केलं.

आणि गडचिरोलीकडची एक आहे, तिला मी प्रत्यक्ष कधी भेटले नाही. ती झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांवर लिहिते. दिवाळी ते होळी हंगाम, वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं, गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असला की रात्री नाटक ठरलेलं, पहाटेपर्यंत चालणारं. ही घोंगडं घेऊन पुढे बसते आणि दुसऱ्या दिवशी लिहिते, खलनायक बरा होता, नायिकेचं गाणं लांबलं, तिसऱ्या अंकात लेखकाची झोप लागली वाटतं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या पेपरांनी झाडीपट्टी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हिच्या वाचकांना ते समजावून सांगावं लागत नाही, त्यांना फक्त उद्या कुठल्या गावाला जायचं ते ठरवायचं असतं.

हे सगळं घरात कसं चालतं ते बाहेरून दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा फोन होता आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या ३३ टक्के होत्या, पुरुष ५७. आमच्याकडे या आकड्याला आणखी एक पोटआकडा आहे, तो कुणी मोजत नाही: पोराच्या नावाच्या अकाउंटवरून लिहिणाऱ्या. फोटोच्या जागी गजानन महाराज, नाव बारावीतल्या मुलाचं, आणि मजकूर कुरडईच्या चिकाचा. पोरगा हॉस्टेलला गेला की लिखाण बंद. टायपिंग जमत नाही म्हणून बोलून लिहायला जावं तर फोन वऱ्हाडी ऐकून घाबरतो. "मले वाटते" म्हटलं की तो "मेले वाटते" लिहितो. बायांनी तेही तसंच ठेवून दिलंय, हसायला बरं म्हणून.

उघड बंदी फारशी कुणी घालत नाही. "काऊन व, तुले दुसरा धंदा नाई का?" एवढं पुरतं. किंवा दीर जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतो, 'सरगुंडा हलकेच काढावा', आणि सगळे हसतात. झालं. ती पुन्हा महिनाभर लिहीत नाही. हे काही आजचं नाही. बुलडाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापली, टीका झाली, त्यांची बाजू जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक सापडत नाही. पहिलंही जवळजवळ विसरलंच होतं, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं म्हणून आपल्याला ठाऊक. मला नेहमी वाटतं, ताराबाईंना स्वयंपाकाचं, शेताचं, बुलडाण्याच्या थंडीचंही काही लिहायचं असेल की. पुरुषांना झोडपण्यापलीकडे त्यांना काय आवडत होतं, याची एक ओळ आपल्याकडे नाही.

कुणी म्हणेल, मग काय दुःखावर लिहूच नये? खुशाल लिहावं. आमच्यातली एक कर्जमाफीच्या याद्यांवर इतकं तिखट लिहिते की तलाठीसुद्धा वाचतो म्हणतात. तिला कुणी रांगोळी काढ म्हणून सांगत नाही. उलटं मात्र रोज होतं.

या विषयावर थोडं बोलले होते तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, तुमच्याकडे आणखी कोण लिहितं, नावं द्या, आम्ही वाचू. म्हणून दुकानात येणाऱ्या दोघी-तिघींना विचारलं. रानभाज्यांवर लिहिणाऱ्या बाईनं सरळ नाही म्हटलं, सोयाबीन निघाल्यावर पाहू म्हणाली. वायरच्या पिशव्यावाली वहिनी बराच वेळ बॉबिन हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "नाव टाका, पण आडनाव माहेरचं टाका." तिचं माहेरचं आडनाव मला ठाऊक नव्हतं, ते विचारून वहीत लिहून घेतलंय. तरी इथं टाकत नाही. सासूबाईंना एकदा सांगते म्हणाली, पोळ्याला नणंद यायची आहे, तिच्या देखत. तोवर कुणाला पिशवी हवी असेल तर मला कळवा, निळ्या-पिवळ्या वायरची एक तयार आहे.