अल्मेरेत घर विकत घ्यावे का? एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

ॲम्स्टरडॅमजवळच्या अल्मेरे शहराच्या बाउटेन या भागात घर घेण्याचा पर्याय सुचवणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मी असे समजते: आपण ॲम्स्टरडॅमलगतच्या ॲम्स्टेलवेनमध्ये दरमहा १,९५० युरो भाडे देऊन राहता, आणि चार टक्के व्याजाने कर्ज काढून, वर जाहिरातीतल्या किमतीपेक्षा जास्त बोली लावून घर घेणे आपल्याला शहाणपणाचे वाटत नाही. २००८ नंतर नेदरलँड्समध्ये घरांच्या किमती कोसळल्या होत्या आणि नोकरीवर अवलंबून असलेला निवास परवाना ही टांगती तलवार असते, या दोन गोष्टींना माझ्या लेखात पुरेसे स्थान नव्हते, असे आपण म्हणता. ‘करारातल्या अटी सोडू नका’ हा माझा सल्ला आपल्याला पुस्तकी वाटतो, आणि अल्मेरे हे आपल्या मते पट्टी ठेवून आखलेले, आत्मा नसलेले गाव आहे. यातले काही मला मान्य आहे, काही मुळीच मान्य नाही. पण प्रत्येक मुद्दा गंभीर आहे, म्हणून उत्तर लांबले आहे.

आधी हिशेब मांडते, कारण बाकीचे बरेचसे त्यावरच उभे आहे. समजा घराची किंमत ४,५०,००० युरो आहे आणि तेवढेच कर्ज ३० वर्षांसाठी, समान हप्त्याने, चार टक्क्यांनी घेतले. हप्ता सुमारे २,१५० युरो येतो. पहिल्या महिन्यात त्यातले १,५०० व्याजात जातात आणि साधारण ६५० मुद्दलात. व्याजावर आयकरात सवलत मिळते, पण घराच्या नगरपालिकेने ठरवलेल्या मूल्याच्या ०.३५ टक्के रक्कम उत्पन्नात धरली जाते. दोन्ही जमेस धरून २०२५ च्या दरांनी पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ५०० युरो परत येतात. यापुढचा खर्च मात्र भाडेकरूच्या नजरेसमोर सहसा नसतो. छप्पर, खिडक्यांच्या चौकटी, रंग, स्वयंपाकघर यांसाठी वर्षाला किमतीच्या एक टक्का बाजूला ठेवावा, म्हणजे महिन्याला ३७५. शिवाय मालकाकडूनच वसूल होणारा नगरपालिकेचा मालमत्ता कर आणि इमारतीचा विमा मिळून आणखी ८०-८५. एकूण दरमहा २,१०० च्या आसपास. म्हणजे आपल्या भाड्यापेक्षा दीडशे युरो जास्त. घर घेतले की ‘भाड्याइतक्याच हप्त्यात’ राहता येते, असे जे सर्रास सांगितले जाते, ते देखभालीचा खर्च वगळून सांगितलेले असते.

आता यात काळ घाला. खरेदीच्या वेळी दोन टक्के हस्तांतरण कर म्हणजे ९,००० युरो, नोटरी, मूल्यांकन, कर्जसल्लागार यांचे मिळून पाच-सहा हजार, आणि पुढे विकताना मकेलारची, म्हणजे घरांच्या दलालाची, दलाली, असे एकंदर २०,००० युरो धरू. पाच वर्षांत मुद्दलापैकी सुमारे ४३,००० फिटलेले असतात. किमती जागच्या जागी राहिल्या असे मानले, तर व्यवहाराचा खर्च आणि भाड्यापेक्षा जास्त गेलेले ९,००० वजा जाता भाडेकरूपेक्षा १४,००० युरो हाती जास्त राहतात. दोनच वर्षांत घर विकावे लागले, तर मात्र मुद्दल जेमतेम १६,००० फिटलेले असते आणि सात हजारांच्या घरात तोटा होतो. यात दरवर्षी होणारी भाडेवाढ मी धरलेली नाही, ती धरली तर पारडे आणखी थोडे घराकडे झुकते. तरीही माझ्या दृष्टीने निर्णय ठरवणारी गोष्ट व्याजाचा दर नाही, तुम्ही त्या घरात किती वर्षे राहणार ही आहे. ज्यांना दोन-तीन वर्षांत परत जायचे आहे किंवा ज्यांचे काहीच ठरलेले नाही, त्यांनी घर घेऊ नये, याविषयी आपल्यात मतभेद नाही.

२००८ चा मुद्दा आपण योग्य काढलात. ऑगस्ट २००८ मधल्या शिखरापासून २०१३ च्या मध्यापर्यंत किमती २० टक्क्यांहून अधिक उतरल्या, आणि अगदी अलीकडे २०२२ च्या उन्हाळ्यापासून वर्षभर पुन्हा उतरल्या होत्या. पण २००८ ची पडझड लोकांना इतकी का भोवली, हे पाहायला हवे. त्या काळी घराच्या मूल्यापेक्षा जास्त कर्ज मिळत असे आणि त्याचा मोठा हिस्सा केवळ व्याज भरायच्या प्रकारचा असे. पाच वर्षे हप्ते भरूनही मुद्दल तसेच राही आणि घराची किंमत मात्र खाली जाई. २०१३ पासून नव्या कर्जावर व्याजाची करसवलत हवी असेल, तर ३० वर्षांत संपूर्ण मुद्दल फेडणे बंधनकारक आहे, आणि २०१८ पासून घराच्या मूल्यापेक्षा जास्त कर्ज मिळत नाही (ऊर्जाबचतीच्या कामांचा अपवाद सोडून). यामुळे धोका नाहीसा होत नाही. वरच्याच उदाहरणात पाच वर्षांनी किंमत २० टक्क्यांनी उतरली, तर घर ३,६०,००० चे आणि कर्ज ४,०७,००० चे. म्हणजे ४७,००० युरोंचा फरक खिशातून भरावा लागेल. अशा वेळी ज्याला त्याच घरात राहता येते तो तरून जातो, ज्याला विकावेच लागते तो बुडतो. म्हणूनच मी पुन्हा ‘किती वर्षे राहणार’ या प्रश्नाकडे येते.

आणि म्हणूनच परवान्याचा प्रश्न खरा कळीचा आहे. ‘उच्चकुशल स्थलांतरित’ या परवान्यावर आलेल्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. तेवढ्या काळात नोकरीही शोधायची आणि घराचेही काय ते ठरवायचे, ही कल्पनाच माणसाला धास्तावणारी आहे, हे मी जवळून पाहिले आहे. पुण्यात सदनिका घेऊन ठेवायची आणि बदली झाली की भाड्याने द्यायची, ही आपल्या लोकांच्या हाडीमांसी खिळलेली सवय इथे उपयोगी पडत नाही. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या कर्जावर बँकेच्या परवानगीशिवाय घर भाड्याने देता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून मुदतीचे भाडेकरार काही अपवाद वगळता बंदच झाले आहेत. विक्रीला काढलेले घर नगरपालिकेच्या परवान्याने काही काळ भाड्याने देण्याची सोय आहे, पण तिथेही बँकेची संमती लागते. तेव्हा ‘जमले नाही तर भाड्याने देऊ’ हे गृहीत धरून कोणीही करारावर सही करू नये, असे मी कळकळीने सांगते.

आधार म्हणून राष्ट्रीय गृहकर्ज हमी आहे, जिला इथे सगळे एनएचजी म्हणतात. २०२५ मध्ये तिची मर्यादा ४,५०,००० युरो होती आणि कर्जाच्या ०.४ टक्के एकदाच भरावे लागत, म्हणजे आपल्या उदाहरणात १,८०० युरो. बेकारी, अपंगत्व, घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू यांमुळे घर तोट्यात विकावे लागले आणि कर्जदार प्रामाणिकपणे वागलेला असेल, तर उरलेले कर्ज माफ होऊ शकते. शिवाय व्याजदरही काहीसा कमी मिळतो. तात्पुरत्या परवान्यावर असणाऱ्यांनी आपण तिच्या आणि बँकेच्या अटींत बसतो का, हे घरे पाहायला लागण्यापूर्वीच सल्लागाराकडून तपासून घ्यावे. अल्मेरेसारखा उपनगरी पर्याय मी सुचवला त्याचे एक मोठे कारण हेच आहे: ॲम्स्टेलवेनमध्ये या मर्यादेत सदनिका मिळेल, अल्मेरे बाउटेनमध्ये बागेसह रांगेतले घर मिळू शकते.

आता अटींविषयी. इथे मला आपले म्हणणे मुळीच मान्य नाही. बाजारात चुरस आहे आणि विकणाऱ्याला विनाअट बोली आवडते, हे खरे. पण आर्थिक अट, म्हणजे कर्ज मिळाले नाही तर दंडाशिवाय माघार घेता येण्याची अट, सोडणे म्हणजे नेमके काय, ते पाहा. प्रचलित करारनाम्याप्रमाणे खरेदीदाराने माघार घेतली, तर किमतीच्या दहा टक्के दंड लागतो. ४,५०,००० च्या घरावर ४५,००० युरो. सही झाल्यावर कायद्याने तीन दिवसांची मुभा असते आणि त्या काळात कारण न देता मागे फिरता येते, मात्र बँकेचा निर्णय तीन दिवसांत येत नाही. त्यातून बँक कर्ज देते ते मूल्यांकनाच्या आकड्यावर, आपल्या बोलीवर नाही. बोली ४,७०,००० ची आणि मूल्यांकन ४,५०,००० चे निघाले, तर वरचे २०,००० रोख उभे करावे लागतात, आणि खरेदीचा खर्च त्याशिवाय.

मग बोली जिंकायची कशी? अट पूर्णपणे न सोडता तिची धार कमी करता येते. कर्जसल्लागाराकडे सर्व कागदपत्रे आधीच तपासून घेतली, तर सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांची मुदत मागता येते. स्वतःची बचत असेल, तर संपूर्ण किमतीऐवजी कमी रकमेच्या कर्जापुरतीच अट ठेवता येते, आणि विकणाऱ्याला ते पुष्कळ दिलाशाचे वाटते. इमारतीच्या तपासणीची अट नको असेल, तर तपासणी बोलीपूर्वीच करून घ्यावी. काहीशे युरो जातील आणि घर मिळाले नाही तर ते बुडतील, पण ४५,००० च्या पुढे ती रक्कम काहीच नाही. आपल्या बाजूचा मकेलार नेमला असेल, तर त्याच्याकडून हे सारे लेखी मांडून घ्यावे. आणि बोली हरल्यावर बोलींची नोंदवही पाहायला मागावी. २०२३ पासून मकेलारांच्या मोठ्या संघटनांनी ती सक्तीची केली आहे आणि तीत नावे नसली तरी रकमा व अटी दिसतात. विनाअट बोलीच नेहमी जिंकते का, याचे उत्तर ऐकीव गप्पांपेक्षा तिथे चांगले मिळते.

तपासणीचा आग्रह मी का धरते, तेही सांगायला हवे. अल्मेरे ज्या दक्षिण फ्लेव्होलँडमध्ये आहे, तिथली जमीन १९६८ मध्ये समुद्रतळातून कोरडी झाली आणि अल्मेरेत पहिले रहिवासी १९७६ मध्ये आले. घरे खोलवर रोवलेल्या खांबांवर उभी आहेत, ती जागची हलत नाहीत. अंगण, पायवाट आणि मागची शेड मात्र बहुधा खांबांवर नसतात आणि वर्षानुवर्षे बसत जातात. मागच्या दारात उभे राहून खाली पाहा. उंबरठा आणि फरशी यांच्यात वीतभर अंतर पडलेले असेल, त्या जागी कोणीतरी जास्तीची पायरी बसवलेली असेल आणि शेडचे दार घासत असेल, तर माती आणून अंगण उचलण्याचा खर्च तुमच्या माथी आहे. पावसाचे पाणी घराखालच्या पोकळीत जाते का आणि सांडपाण्याची नळी जिथे घरातून बाहेर पडते तिथे ती ताणली गेली आहे का, हेही पाहावे. १९९४ पूर्वीच्या बांधकामात ॲस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात; करारात त्याविषयीचे कलम हमखास असते आणि त्यावर सही केली की जबाबदारी बव्हंशी आपल्याकडे येते. विकणाऱ्याने माहीत असलेले दोष सांगावेत असा कायदा आहे, पण दिसू शकणारे दोष शोधण्याचे कर्तव्य खरेदीदाराचे आहे. घर शहराच्या उष्णता जाळ्यावर (नळांतून घरोघरी गरम पाणी पोहोचवणाऱ्या व्यवस्थेवर) आहे की गॅसवर, हेदेखील विचारा. जाळ्यावर असेल, तर पुरवठादार बदलता येत नाही.

राहता राहिला आत्म्याचा प्रश्न. ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांकाठी तीनशे वर्षांची घरे आहेत आणि अल्मेरेत नाहीत, यात वाद नाही. पण सायकलींचे रस्ते मोटारींपासून वेगळे, बसला स्वतंत्र मार्ग, १९८७ पासून रेल्वे, वस्तीच्या कडेला ओस्टफार्डर्सप्लासनची पाणथळ आणि हिवाळ्यात तिच्यावर उतरणारे हंस, हे कोणीतरी विचारपूर्वक आखले म्हणूनच आज मिळते आहे. सात वर्षांचे मूल शाळेत एकटे सायकलने जाऊ शकते, अशा वस्तीला मी निर्जीव म्हणू शकत नाही. आपल्याला ती आवडली नाही, तर तिथे घेऊ नका. तीस वर्षांचे कर्ज न आवडणाऱ्या जागेसाठी घेऊ नये.

शेवटी आपण विचारले आहे की, आपले वय ३७ आणि पत्नीचे ३४, येत्या काही महिन्यांत तिला ३५ पूर्ण होतील, तर पस्तिशीच्या आतल्या खरेदीदारांना असलेली हस्तांतरण कराची माफी मिळेल का. माफी माणशी असते. आपल्या निम्म्या हिश्शावर दोन टक्के लागतील. तिच्या हिश्शावर काहीच लागणार नाही, जर तिने ही सवलत पूर्वी घेतलेली नसेल, ती स्वतः तिथे राहणार असेल आणि संपूर्ण घराचे मूल्य त्या वर्षीच्या मर्यादेत असेल (२०२५ मध्ये ती ५,२५,००० युरो होती). ४,५०,००० च्या घरावर यातून ४,५०० युरो वाचतात. यात करारावर सही केल्याची तारीख धरत नाहीत, नोटरीकडे मालकी हस्तांतरित होण्याची तारीख धरतात. तेव्हा करारात ती तारीख वाढदिवसाच्या आधीची लिहून घ्या आणि माफीचे घोषणापत्र भरायचे आहे, हे नोटरीला आगाऊ कळवा.