पंपाची सवय, आणि ‘मेडिकलवाल्याला काय कळतं?’

थंडी पडली, धाप लागणारे वाढले आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला: ‘दम्याचा पंप एकदा लागला की सुटत नाही. त्यात स्टेरॉइड असतं, त्यापेक्षा गोळी बरी. मेडिकलवाल्याला काय कळतं, तो खपवायलाच बसलाय.’ धायरीत माझं औषधांचं दुकान आहे. एकेक मुद्दा घेते.

सवय. पंप सोडल्यावर धाप परत लागते ती दम्यामुळे. श्वासनळ्यांची सूज औषधाने आवरलेली असते, मुळापासून गेलेली नसते. बीपीची गोळी सोडून बीपी वाढलं, तर गोळीचं व्यसन लागलं असं कोणी म्हणतं का?

गोळी बरी? साल्ब्युटामॉल हे श्वासनळ्या उघडून लगेच आराम देणारं औषध. त्याची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक पफ 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस पफांएवढं औषध, तेही पोटातून अंगभर फिरून छातीत पोचणार. हात थरथरतात, धडधडतं ते म्हणून. स्टेरॉइडच्या पंपाचंही तेच गणित. त्याने घसा बसू शकतो, तोंडात बुरशी येऊ शकते. म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची.

आता मेडिकलवाला. एक काकू पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आल्या, काही फरक नाही म्हणून. रोटाहेलर म्हणजे कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायचं छोटं यंत्र. त्याच्या कॅप्सूल त्या रोज पाण्याबरोबर गिळत होत्या! डबी मीच दिली होती. संध्याकाळची गर्दी होती, यंत्र पिशवीत टाकलं आणि पुढचं प्रिस्क्रिप्शन हातात घेतलं. ते मला आजही लागतं. त्या दिवशी त्यांना स्टुलावर बसवून पहिली कॅप्सूल यंत्रातून ओढायला लावली. ‘अगं, गोड लागतंय,’ म्हणाल्या. त्या पावडरीत लॅक्टोज असतं.

तेव्हापासून जुन्या पेशंटलाही म्हणते, ‘घेऊन दाखवा.’ फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास ओढायला लागतानाच दाबायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. रोटाहेलरला उलट जोरात, झटक्यात ओढावं लागतं. दोन्ही घरात असले की हमखास गल्लत होते. तोंडातून वाफेसारखा फवारा बाहेर आला तर औषध वाया गेलं. अशांना मी स्पेसरबद्दल, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीबद्दल, डॉक्टरांशी बोलायला सांगते. याला दोन-तीन मिनिटं लागतात. 2015च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे आमचं काम म्हणूनच लिहिलेलं आहे.

खपवण्याचं म्हणाल तर, लगेच आराम देणारा 200 पफांचा पंप वर्षात तीन किंवा जास्त लागत असेल, तर दम्याचा मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो. कोण किती वेळा नेतो हे डॉक्टरांआधी माझ्या बिलांत दिसतं. डोस बदलणं माझं काम नाही आणि धाप लागलेल्याला पंप नाकारणंही नाही. गेल्या आठवड्यात एका मुलाला पंप दिला आणि बिलाच्या मागे त्याच्या आधीच्या चार खरेदींच्या तारखा लिहिल्या. म्हटलं, ‘हा कागद उद्याच डॉक्टरांना दाखव.’