वसंतातला बर्फ ‘बसलेला’ असतो, हे कुणी सांगितलं?

माझी भाची पुढच्या आठवड्यात बर्फातल्या ट्रेकला निघाली आहे. परवा तिने एक फिरता मेसेज पाठवला: ‘हिमस्खलन हिवाळ्यात होतं, वसंतात बर्फ बसलेला असतो. ओरडू नका, मळलेली वाट सोडू नका. गाडले गेलातच तर थुंका, थुंकी ओघळेल त्याच्या उलट दिशेने खणत वर या.’ खाली तिचं वाक्य: ‘मामा, आता आईला तूच समजाव.’ ताईला काय समजावू? वाचून मीच हादरलो.

‘बसलेला बर्फ’ यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता निघून जाते, वरचा थर गोठतो आणि पहाटे त्यावर बुटाचा ठसाही धड उमटत नाही. पण ही मजबुती काही तासांचीच. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते. खाली कडक थर असला तर पाणी तिथे साचतं आणि वरचा सगळा थर सैल होतो. सकाळी जिथून आरामात गेलो तिथेच दुपारी पाय आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत रुततो. मुठीत दाबला तर बर्फातून पाणी गळतं. उतारावरून गोळे आपोआप घरंगळू लागतात. एवढं दिसल्यावर तिथे क्षणभरही थांबायचं नाही. रात्र ढगाळ गेली असेल तर पहाटेचाही भरवसा नाही, कारण ढगांखाली बर्फ नीट गोठतच नाही.

ओरडण्याने हिमकडा कोसळत नाही. त्या आवाजाचा दाब फारच कमी असतो. माणसं सापडतात त्या बहुतेक अपघातांत थर तुटतो तो त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने. उलट वर काही सुटताना दिसलं तर ओरडायलाच हवं!

मळलेल्या वाटेवरून दहा जण गेले म्हणजे अकरावा सुखरूप जाईल असं नाही. आणि धोका फक्त ३० ते ४५ अंशांच्या उतारावर नसतो, त्याच्या पायथ्याशीही असतो. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यालगत हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले, ते ४ एप्रिल २०२३ रोजी. एप्रिलमध्येच.

थुंकीचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. कोसळलेला बर्फ थांबला की क्षणात घट्ट आवळतो. वसंतातल्या ओल्या ढिगाचं वजन घनमीटरला अर्धा टन भरू शकतं. तिथे बोट हलत नाही, खणणार कशाने? ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात १९९४ साली स्वित्झर्लंडमधल्या गाडल्या गेलेल्यांचा अभ्यास आला होता. १५ मिनिटांपर्यंत जगण्याची शक्यता ९२ टक्के, ३५ मिनिटांनी ३० टक्के. एवढ्या वेळात पायथ्याहून मदत पोहोचत नाही, बाहेर काढतात ते सोबतचेच. त्यासाठी प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं लागतं. आपल्या हातात एकच गोष्ट: बर्फ थांबण्याआधी हात तोंडासमोर धरून श्वासापुरती पोकळी राखायची.

भाचीला म्हटलं, नेणाऱ्यांना विचार: पहाटे निघणार किती वाजता, माघारी कधी वळणार, आणि फावडी किती? निघायची वेळ तीनची, वळायची दहाची, एवढं कळलं. फावड्यांचं उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत मी ताईशी एक शब्दही बोलणार नाही.