प्रोस्टेटची वर्गणी

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात. "काकू, यंदा 501 करा." आपण म्हणतो, गेल्या वर्षी 251 होते की रे. थोडं तुझं, थोडं माझं करून आकडा ठरतो. पोरगा कार्बन नीट सरकवून पावती फाडतो आणि आपण ती फ्रिजवर अडकवतो. मागणाऱ्याला संकोच नसतो, देणाऱ्यालाही कुणी गळ घातली असं वाटत नाही.

मीही वर्गणी मागते. दर डिसेंबरात हाफ मॅरेथॉन पळते आणि त्यानिमित्ताने प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरच्या पेशंटसाठी पैसे गोळा करते. यंदाचं पाचवं वर्ष. पैसे द्यायला पुणेकर मागे हटत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगेन. अडतं ते त्या शब्दापाशी. "प्रोस्टेट" म्हटलं की समोरचे काका एकदम चपलांकडे बघायला लागतात. "नुसतं कॅन्सरसाठी म्हण की," असं मला आजवर कितीतरी जणांनी सुचवलंय, त्यात बायकाही आहेत. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका आजोबांनी 1000 रुपये दिले आणि वर म्हणाले, "पण तू बाईमाणूस, तुझ्या तोंडी बरं दिसत नाही ते."

मी तो शब्द का सोडत नाही, ते आज सविस्तर लिहिते.

माझे थोरले काका 2008 मध्ये गेले. कशाने गेले, तर "लघवीच्या आजाराने". अकरा वर्षं आमच्या घरात हेच सांगितलं जायचं. 2019 मध्ये बाबांची कंबर दुखायला लागली. ते शाळेत गणित शिकवायचे, आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहिलेले, त्यामुळे कंबरदुखीचं कुणालाच नवल वाटलं नाही. तेल झालं, पट्टा झाला, शेक झाला. रात्री चार-चारदा उठत होते, त्याला आई म्हणायची, वय झालं. बालगंधर्वला नाटकाला गेलं की ते कडेचीच खुर्ची मागायचे, पुढे नाटकच सुटलं. लक्ष्मी रोडला यायचं टाळायला लागले. त्यांच्या कापडी पिशवीत घडी करून ठेवलेली जास्तीची पँट मला सापडली तेव्हा मी पहिल्यांदा जोर करून त्यांना डॉक्टरकडे नेलं.

पीएसए नावाची रक्ततपासणी असते. ढोबळमानाने 4च्या वर आकडा गेला की डॉक्टर पुढे बघायला सुरुवात करतात. बाबांचा आला 186. बोन स्कॅनवर मणक्यात आणि कटीच्या हाडात काळे ठिपके होते. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होता का? बाबा म्हणाले, नाही. आणि मग थांबले. बराच वेळ थांबले. "भाऊला लघवीचं काहीतरी होतं," म्हणाले.

काकांची जुनी फाइल काकूंनी ट्रंकेतून काढून दिली. कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं: कार्सिनोमा प्रोस्टेट. म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर.

वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. भावाच्या आजाराचं खरं नाव बाबांना ठाऊक असतं, तर पन्नाशीनंतर त्यांनी एकदा तरी डॉक्टरांना विचारलं असतं. कदाचित. मी "कदाचित" म्हणते, कारण बाबांचा स्वभावही मला माहीत आहे. पण विचारायची संधीच त्यांना मिळाली नाही, आणि ती आम्ही घरच्यांनीच हिरावून घेतली, एक शब्द न उच्चारता.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फार चुकीचं फिरतं. लघवीला वारंवार जावं लागतं म्हणजे कॅन्सरच, असं अजिबात नसतं. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी, तिच्यामधून लघवीची नळी जाते, आणि वयाबरोबर ती बहुतेक पुरुषांची वाढतेच. ती साधी वाढ असते. उलट कॅन्सर सुरुवातीला बरेचदा काहीच लक्षण दाखवत नाही. पीएसएसुद्धा इन्फेक्शनने वाढतो, साध्या वाढीनेही वाढतो. काही कॅन्सर इतके संथ असतात की डॉक्टर फक्त लक्ष ठेवतात, हातही लावत नाहीत. युरोपात लाखाहून जास्त पुरुषांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले, पण ज्यांना कधीच त्रास झाला नसता अशाही बऱ्याच जणांच्या माथी कॅन्सरचं निदान आलं. म्हणून "सगळ्यांनी उद्याच पीएसए करा" असं मी म्हणत नाही. पन्नाशी उलटली असेल, आणि घरात कुणाला असेल तर त्याही आधी, डॉक्टरांशी बोला एवढंच म्हणते. बोलण्यासाठी मात्र शब्द लागतो.

आणि हा फक्त पुरुषांचा मामला आहे, असं मला कुणी सांगू नये. माझ्या आत्याला स्तनाचा कॅन्सर होता. बीआरसीए 2 या जनुकातला दोष स्तनाचा आणि प्रोस्टेटचा, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवतो, आणि तो बापाकडून मुलीकडेही येऊ शकतो. आत्याचं सगळ्या घराला माहीत होतं. काकांचं कुणालाच नव्हतं. दोन्ही गोष्टी एका कागदावर आल्या तेव्हा कुठे डॉक्टरांनी मलाही जनुकीय तपासणी सुचवली.

बायकांनी हे करून दाखवलंय. पिंकेथॉन ही खास बायकांची दौड 2012 मध्ये सुरू झाली. नऊवारी नेसून, आईला बरोबर घेऊन बायका रस्त्यावर धावल्या, आणि "स्तनाचा कॅन्सर" हे शब्द स्वयंपाकघरात बोलले जायला लागले. तिकडे मेलबर्नमध्ये 2003 साली तीस जणांनी मिशा वाढवल्या, त्यातून पुरुषांच्या आरोग्यासाठीची मोव्हेंबर ही चळवळ उभी राहिली. इंग्लंडात प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेचे टीशर्ट घालून लोक लंडन मॅरेथॉन पळतात. सायकलपटू क्रिस हॉय, ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं जिंकलेला माणूस, 2024 मध्ये त्याने जगाला सांगितलं की आपला प्रोस्टेट कॅन्सर चौथ्या स्टेजचा आहे, हाडांत गेलाय. त्याच्या वडिलांना होता, आजोबांनाही होता. पुण्यात 1983 पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होतेय, तळजाई टेकडीपासून विद्यापीठापर्यंत रोज पहाटे हजारो पाय पळतात, पण या आजाराचं नाव छातीवर लावून पळणारा मला अजून भेटलेला नाही.

पैसे कशाला लागतात, हे लोक विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये हे दाखवलं, 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यामुळे पसरलेल्या कॅन्सरमध्ये हार्मोन बंद करणं हा उपचाराचा पाया आहे. त्याचे दोन रस्ते. एक, दर काही महिन्यांनी इंजेक्शन, बहुतेकदा आयुष्यभर. दुसरा, वृषण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, एकदाच आणि तुलनेने स्वस्तात. दोन्हींचा कॅन्सरवर परिणाम जवळपास सारखाच. ज्याची ऐपत आहे तो निवडतो. ज्याची नाही त्याला विचारलंही जात नाही. वेटिंग रूममध्ये बाबांच्या शेजारी बसलेला मावळातला एक शेतकरी खाली मान घालून म्हणाला होता, "आमचं ऑपरेशनच करा म्हटलं, सारखं कुठं येनार." कदाचित त्याच्यासाठी तेच योग्यही असेल. पण त्याने तो निर्णय एसटीच्या तिकिटावर घ्यावा, हे मला सहन होत नाही. माझी वर्गणी इंजेक्शनला जाते, स्कॅनला जाते, मोठ्या माणसांच्या डायपरला जाते आणि जाण्या-येण्याच्या भाड्याला जाते.

"पण पळायचं कशाला, सरळ पैसे माग की," हाही प्रश्न येतो. हार्मोन बंद झाले की हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, भर थंडीत अंगातून वाफा निघतात. बाबा जानेवारीत घामाने भिजायचे आणि आई काही न बोलता उठून पंखा लावायची. डॉक्टरांनी व्यायाम औषधासारखाच लिहून दिला होता. म्हणून मी त्यांच्याबरोबर तळजाईला चालायला लागले. ते बाकापर्यंत चालायचे आणि बसायचे, मग मी पुढे पळून परत यायची. असं करत करत माझे एकवीस किलोमीटर झाले. माझं पळणं त्या बाकापासून सुरू झालंय, मला ते वेगळं काढता येत नाही.

एक तक्रारही लिहिते. काही वर्षांपूर्वी "कॅन्सरविरुद्ध धावा" असं लिहिलेल्या एका रनला मी नाव नोंदवलं होतं. टीशर्ट मिळाला, मेडल मिळालं, पोहे मिळाले. पैसे कुठे गेले, असं मी दोनदा मेल करून विचारलं, उत्तर आलं नाही. म्हणून माझ्याकडे पावतीपुस्तक आहे, ज्या ट्रस्टसाठी मी वर्गणी मागते त्याने शिक्के मारून दिलेलं. ऑनलाइन पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात जातात. रोख 2000च्या वर मी घेत नाही, कारण त्यापुढे रोखीवर देणगीची 80जीची आयकर सवलत मिळत नाही (नव्या करप्रणालीत ती तशीही नाही, हे देताना लक्षात असू द्या). मागच्या वर्षी 1 लाख 37 हजार जमले, त्याचा हिशेब मी याच वॉलवर टाकलाय.

पैशांपेक्षाही मला ते रात्रीचे मेसेज मोलाचे वाटतात. पोस्टखाली पुरुष कमेंट करत नाहीत. साडेअकराला इनबॉक्समध्ये येतात. "ताई, वडिलांना होता. मी 47. कुठल्या डॉक्टरकडे जाऊ?" मी यूरॉलॉजिस्टकडे जायला सांगते आणि आठवड्याने पुन्हा विचारते. काही जण गेलेत.

2021 मध्ये पावतीपुस्तक पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा पहिली पावती बाबांची होती, 101 रुपये. "कशासाठी" या रकान्यात मी स्वतःच "कॅन्सर सहाय्य" लिहायला लागले होते. त्यांनी पेन मागून घेतलं. हात थरथरत होता, पण मास्तरांचं अक्षर ते. "प्रोस्टेट कॅन्सर", पूर्ण लिहिलं, वर रेघ ओढली, आणि म्हणाले, "आता भाऊचीही एक फाड. 101च. पैसे मी देतो." 2023च्या मार्चमध्ये बाबा गेले. त्या दोन्ही पावत्यांची स्थळप्रत माझ्याकडे आहे, आणि दर वर्षी पहिल्या दोन पावत्या मी त्यांच्या नावाने फाडते.

यंदाच्या दोन फाडून झाल्यात. येत्या शनिवारी संध्याकाळी 6 ते 8 मी कमला नेहरू पार्कच्या बाहेर पुस्तक घेऊन उभी असेन. 51 रुपयेही चालतील. रकाना मात्र तुम्हीच तुमच्या हाताने भरायचा.